राज्याची मानचिन्हं पाठ सगळ्यांनाच आहेत, पण तुम्ही खरंच पाहिलीत किती?

उशिरालतीफ

मंडळी, मुलगी यंदा पाचवीत गेली. शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोवर प्रोजेक्ट, 'आपल्या राज्याची मानचिन्हे', चित्रं चिकटवायची आणि प्रत्येकाखाली पाच ओळी. आम्हाला हे कळलं शुक्रवारी रात्री साडेनऊला. स्टेशनरीवाला शटर ओढत होता, त्याच्याकडून तो कापून चिकटवायच्या चित्रांचा पातळ कागदाचा तक्ता घेऊन आलो. घरी उघडून बघतो तर राज्यप्राणी शेकरूच्या जागी आपली साधी खार, पाठीवर पट्टे, हातात शेंगदाणा. हरियालच्या जागी पारव्याला हिरवा रंग मारलेला. आणि राज्यफूल ताम्हण म्हणून चक्क तांब्याचं ताम्हन. पूजेचं. पळीसकट.

मुलगी म्हणाली, बाबा हे फूल आहे? मग मी तिला मोबाईलवर खरे फोटो दाखवले तर तिने उलटतपासणीच सुरू केली. तू शेकरू पाहिलंयस? नाही. हरियाल? नाही. ताम्हण? बहुतेक नाही. ते निळं फुलपाखरू? आठवत नाही. मग तू पाहिलंयस काय? म्हटलं, पापलेट. तळलेलं.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की ही चिन्हं निवडतात कोण आणि कशासाठी? माझं प्रामाणिक मत, राज्याची खूण म्हणजे लोकांच्या रोजच्या बघण्यातली गोष्ट हवी. ज्या प्राण्यासाठी सुट्टी काढून जंगलात जावं लागतं तो माझं प्रतिनिधित्व काय करणार, त्यापेक्षा कावळा काय वाईट होता? तर प्रश्न असा की प्राणिसंग्रहालय आणि मोबाईल सोडून तुम्ही यातलं काय काय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय? खरं खरं सांगा.

टवाळ_नंबर_वन

पळीसकट!!! दंडवत घ्या. तक्त्याचा फोटो टाका ताबडतोब.

उशिरालतीफ

उशीर झाला. मुलीने पळी कापून बाजूला ठेवलीये, काहीतरी कामाला येईल म्हणे.

रानवाटसरू

लतीफभाऊ, आधी यादी सरळ करू कारण अर्ध्या वेबसाइटींवर काहीही लिहिलेलं असतं. प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, फूल ताम्हण, वृक्ष आंबा ही जुनी चार. फुलपाखरू राणी पाकोळी हे २०१५ साली ठरलं, असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, नंतर उत्तराखंड, कर्नाटक, केरळ वगैरे आले. २०२० ला पांढरी चिप्पी हे कांदळवन (खारफुटी) वृक्ष म्हणून, तेही देशात पहिल्यांदाच. २०२३ मध्ये 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं आणि त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. म्हणजे तुम्ही खाल्लंत ते मानचिन्हच, काळजी नसावी, गुन्हा नाहीये.

आता तुमच्या प्रश्नाचं. सगळी पाहिलीत, फक्त चिप्पीचं फूल उमललेलं नाही पाहिलं कारण ते रात्री उमलतं आणि रात्री खाडीच्या चिखलात जायला बायको परवानगी देत नाही.

शेकरू पहिल्यांदा दिसलं ते भीमाशंकरला, गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर. दिसायच्या आधी डोक्यावर सालं पडली. वर बघितलं तर काही नाही. पुन्हा दोन तुकडे पडले, अर्धवट खाल्लेली फळं, त्यावर दातांच्या ताज्या खुणा. मग मान मोडेस्तोवर बघत बसलो तेव्हा फांदीवरून लोंबणारी शेपूट दिसली, आणि शेपटीच्या मागोमाग नजर नेली तेव्हा कुठे आख्खा प्राणी दिसला. विटकरी तपकिरी पाठ, साय धरल्यासारखं पिवळट पोट, शेपूट धरून तीनेक फूट. खार म्हणून डोळ्यासमोर जे येतं त्याच्या कितीतरी पट. फांदीवर पोटावर पालथं पडून खात होतं, मागच्या पायांनी फांदी धरलेली, पुढचे दोन्ही हात मोकळे. आम्ही दिसल्यावर खडखडखड असा आवाज काढला, लाकडी खुळखुळा वाजवल्यासारखा, आणि उडी मारली. त्या उडीला अंतर वीस फूट तरी असेल, आणि खाली एक पान हललं नाही.

कावळ्याचा मुद्दा वाचला. कावळा सगळ्या जगाचा आहे हो. शेकरूची ही जी उपजात आहे ती आपल्या सह्याद्रीची म्हणून ओळखली जाते, भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं तेच मुळात तिच्यासाठी. खूण म्हणजे जे आपल्याकडेच आहे ते. जे सगळीकडे आहे त्याची खूण काय करायची?

कोकणकडा_७२

+१ रानवाटसरू. फक्त 'एक पान हललं नाही' हे जास्त झालं.

रानवाटसरू

बरं, एखादं हललं असेल.

वऱ्हाडी_तडका

भाऊ तुमचं सगळं ठीक आहे पण मले सांगा यात आमचं काय आहे? शेकरू तुमच्या सह्याद्रीचं, पापलेट समुद्राचं, चिप्पी खाडीची, ताम्हणही जास्त करून कोकणात. आमच्याकडं चंद्रपूर गडचिरोलीत मोह आहे, लोकांचं अर्धं वर्ष त्या झाडाच्या भरवशावर निघते. फुलं वेचाची, वाळवाची, बियांचं तेल काढाचं. पळस आहे, उन्हाळ्यात आख्खं रान पेटल्यावाणी दिसते. राज्याची खूण म्हणजे पुण्यामुंबईच्या लोकांना शनिवार-रविवारी जाता येईल अशी जागा का?

मराठवाडी_मिरची

वऱ्हाडीभाऊ, तुमच्याकडं निदान वाघ हाय. तेवढा एक राष्ट्रीय हाय ना. आमचं बघा, आम्ही चिन्हांच्या यादीत शोधायलो तर दुष्काळ सापडायलाय फक्त.

टवाळ_नंबर_वन

राज्य टँकर 😂

मराठवाडी_मिरची

हसा. पण तो रोज दिसतो की नाही? लतीफरावांच्या नियमात एकदम फिट बसतो.

रानवाटसरू

वऱ्हाडीभाऊंचं अर्धं मान्य. अर्धं अशासाठी की हरियाल विदर्भात भरपूर आहे, तुमच्या गावाबाहेर जुना वड, पिंपळ किंवा उंबर असेल आणि त्याला फळं धरली असतील तर सकाळी सहा-साडेसहाला जाऊन बघा.

वऱ्हाडी_तडका

हरोळी म्हणता का? ते तं आहे. लय आहे. लहानपणी आजोबा सांगत की हा पक्षी जमिनीले पाय लावत नाही, पाणी प्यायले उतरला तं पायात काडी धरून उतरते आणि काडीवर उभा राहून पाणी पिते. मी तं अजूनही बघतो काडी हाय का म्हणून.

निवृत्त_गुरुजी

ही काडीची गोष्ट मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगितली आणि एकाने मला उभं करून विचारलं, गुरुजी काडी जमिनीवर टेकली तर काडीने पाय लावला की नाही. मी त्याला बस म्हणालो. आता वाटतं त्याला शाबासकी द्यायला हवी होती.

हरियाल जमिनीवर उतरत नाही असं नाही, क्वचित उतरतो. पण फळांवरच जगणारा पक्षी, सगळं झाडावरच मिळतं, खाली यायचं कारणच पडत नाही, म्हणून लोकांनी गोष्ट रचली. पिवळे पाय स्वच्छ दिसतात ना, म्हणून ते मळू नयेत म्हणून जपतो असंही आमच्याकडे म्हणत.

पानगळ

हरियालबद्दल एक भर. हा न दिसणारा पक्षी नाहीये, दिसून न कळणारा पक्षी आहे. आमच्या कॉलनीच्या मागे वड आहे, मी तिथे चार वर्षं चालायला जाते. एकदा कोणीतरी फटाका लावला आणि त्या रिकाम्या वाटणाऱ्या झाडातून तीसेक पक्षी उडाले. चार वर्षं मी त्यांच्याखालून चालत होते. पाठ पोपटी-पिवळट, डोकं राखाडी, खांद्यावर जांभळट डाग, आणि पानांमध्ये बसला की संपलं. आता ओळखते ते आवाजावरून, माणसाने हळू शीळ घातल्यासारखा, दोन-तीन सुरांत वळणारा. पहिल्यांदा वाटलं होतं कोणी छेड काढतंय.

मीनाक्षी_सातारा

पानगळ 😄

फुलपाखरू मी रोज बघते, अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आधी वैर होतं. कुंडीत लिंबाचं रोप लावलेलं, त्यावर अळ्या झाल्या. सुरुवातीला त्या अळ्या ओळखूच येत नाहीत, पक्ष्याने शिटल्यासारखी पांढरी-तपकिरी घाण पानावर पडलेली वाटते. बोटाने उडवायला गेले तर ती घाण चालायला लागली! थोडी मोठी झाली की हिरवीगार होते, पुढच्या बाजूला दोन डोळ्यांसारखे ठिपके, आणि काडी लावली की डोक्यामागून लाल रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि असा उग्र वास येतो की हात मागे. मी औषध फवारायला पंप भरून ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या राहू दे गं, लिंबं काय बाजारात मिळतात.

रोप बोडकं झालं. पण नंतर एक दिवस काळं कुळकुळीत, मागच्या पंखांवर निळं, तळहाताएवढं, रेलिंगवर पंख वाळवत बसलेलं. तेव्हा मला माहीतच नव्हतं की हे राज्याचं फुलपाखरू आहे. राणी पाकोळी, नीलवंत पण म्हणतात. लतीफजी, तुमच्याकडे लिंबू, पपनस, कढीपत्ता जे असेल त्याची पानं उलटून बघा. सुट्टी काढायची गरज नाही.

कोकणकडा_७२

कढीपत्त्यावर असते ती बहुतेक दुसरी अळी, तिचं फुलपाखरूही काळंच पण पांढरे ठिपके. लिंबू-पपनसावर बघा.

मीनाक्षी_सातारा

असेल. शिंगं दोघीही काढतात एवढं नक्की.

खाडीवाला

पापलेटाचा विषय निघाला म्हणून लिहितोय, एरवी नुसता वाचतो. लोकांना वाटतं राज्यमासा म्हणजे गंमत, खवय्यांचा लाड. तसं नाहीये. पालघरकडे सातपाटी पापलेटासाठी नावाजलेलं बंदर, तिथल्या मच्छीमारांचीच मागणी होती की या माशाला काहीतरी दर्जा द्या, कारण मासा कमी होत चाललाय. कारण सोपं आहे, लहान पापलेट पकडला जातो. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या जाळ्यात पिल्लं येतात, ती अंडी घालायच्या आधीच बाजारात जातात, मग पुढच्या साली कुठून येणार? माझे वडील सांगायचे त्या आकाराचं पापलेट मी आता गणपतीनंतरच्या दिवसांत एखाददुसरं बघतो.

तळहातात मावणारं पापलेट ताटात आलं तर ते स्वस्त म्हणून घेऊ नका एवढंच सांगणं. मानचिन्ह झालं म्हणून समुद्रात मासा वाढत नाही, पण निदान पिल्लू विकणाऱ्याला चार माणसांत लाज वाटावी इतकं झालं तरी बस.

मालवणी_खाजा

आमच्याकडे सरंगो म्हणतत. सरकारने पापलेट म्हटला म्हणून आम्ही बदलूचव नाय.

उशिरालतीफ

खाडीवाला, हे मला खरंच माहीत नव्हतं. मुलीच्या पापलेटाखालच्या पाच ओळींत 'चवदार असतो' एवढंच लिहिलं होतं (ती ओळ मी सांगितलेली). बदलतो.

सडेतोड

जरा वेगळं बोलतो. ही सगळी चिन्हं म्हणजे सरकारी कागद. घोषणा झाली, फोटो छापून आला, संपलं. शेकरूला संरक्षण मिळतं ते १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे, राज्यप्राणी असल्यामुळे नाही. खारफुटी तोडायला बंदी आहे ती उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, चिप्पीला वृक्ष घोषित केल्यामुळे नाही. राजस्थानचा राज्यपक्षी माळढोक, त्यांचा गोडावण. देशभरात आता दीडएकशेच उरलेत असं सांगतात. काय उपयोग झाला? आणि आता तर लाइनच लागलीये, २०२४ ला दांडपट्टा राज्यशस्त्र, देशी गाय राज्यमाता, २०२५ ला गणेशोत्सव राज्य महोत्सव. अशाने एक दिवस राज्य फरसाण येईल.

टवाळ_नंबर_वन

राज्य फरसाणवर स्वतंत्र धागा काढा. पातळ पोहे की भाजके पोहे यावरून मंत्रिमंडळ पडेल.

भगवा_वादळ

गायीची चेष्टा केलेली खपवून घेतली जाणार नाही. ती राज्यमाता आहे, तिला फरसाणाच्या रांगेत बसवता?

सडेतोड

चेष्टा गायीची नाही, घोषणांची केली. नीट वाचा.

मराठवाडी_मिरची

थांबा थांबा, भांडू नका, यात आमचा नंबर लागलाय. त्या गायीच्या निर्णयात देवणी आणि लाल कंधारी दोन्ही जातींची नावं हायत, दोन्ही मराठवाड्याच्या. सोबत खिल्लार, डांगी, गवळाऊ. म्हणजे वऱ्हाडीभाऊ तुमची गवळाऊ पण आली. देवणी पाहिलीय का कुणी? पांढऱ्या अंगावर काळे डाग, लोंबते कान, कपाळ फुगीर. आमच्या आज्याकडं जोडी होती, बाजाराच्या दिवशी लोक नुसती बघायला थांबायचे. ही पाहिलेली खूण. लिहून घ्या, पहिली.

वऱ्हाडी_तडका

गवळाऊ आमची वर्ध्याकडची. बरं झालं सांगितलं, आता राग जरा कमी झाला. मोहाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

व्यवस्थापक

गाय, धर्म, पक्ष या विषयांवरचे तीन प्रतिसाद काढलेत. धागा मानचिन्हांवर आहे. पुन्हा तिकडे गेला तर कुलूप.

सोलापुरी_चादर

सडेतोड यांनी माळढोक काढला म्हणून. आम्ही शाळेत असताना नान्नजला सहल गेली होती, माळढोक बघायला. काळवीट बघितले, लांडग्याच्या पावलांचे ठसे बघितले, डबा खाल्ला, माळढोक नाही. गाईड म्हणाला 'तो त्या तिकडे आहे, गवताच्या मागं'. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन सांगितलं पाहिला म्हणून. आज पहिल्यांदा कबूल करतोय.

आणि एक, राष्ट्रीय पक्षी निवडताना सलीम अलींचा कौल माळढोकाला होता, १९६३ ला मोर झाला. इंग्रजी नाव (बस्टर्ड) लिहिताना एक अक्षर चुकलं तर भलतीच शिवी होईल म्हणून मागे पडला अशी एक गंमत सांगतात. खरं खोटं देव जाणे, पण मोराला फायदाच झाला आणि माळढोकाला गरज होती.

कोकणकडा_७२

मला इथे सडेतोडशी थोडं भांडायचंय. कायद्याने संरक्षण मिळतं हे खरं. पण कायदा असलेल्या शेकडो प्राण्यांपैकी पाचवीतल्या मुलीला किती माहीत असतात? तिने बापाला 'शेकरू पाहिलंयस का' विचारलं ते कायद्यामुळे नाही, यादीमुळे. यादी नसती तर लतीफ आज कॅरम खेळत असते.

उशिरालतीफ

खरंय. आणि हरत असतो.

निवृत्त_गुरुजी

मंडळी, प्राणीपक्ष्यांत सगळे रमले आणि मुख्य चिन्ह कोणी काढलंच नाही. महाराष्ट्र शासनाची मुद्रा. बघा नीट एकदा, मधोमध समई, भोवती कमळाच्या सोळा पाकळ्या, आणि कडेने संस्कृत श्लोक, 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता। महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते॥'. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेचाच श्लोक, फक्त 'शाहसूनोः शिवस्यैषा' च्या जागी 'महाराष्ट्रस्य राज्यस्य'. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदन केलेली ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते. नातीच्या वयाच्या मुलीला शेकरू सांगाल तेव्हा हेही सांगा, कारण बाकी सगळी चिन्हं राज्यात काय आहे ते सांगतात आणि ही राज्य कशासाठी आहे ते सांगते.

चिकित्सक

गुरुजी, माफ करा पण एक जुनी शंका. प्रतिपदेला चंद्र दिसतच नाही ना? शुक्ल प्रतिपदेची कोर सूर्याच्या इतकी जवळ असते की बहुतेक वेळा दिसते ती द्वितीयेला. आपण बीजेचा चंद्र म्हणतो ते उगाच नाही. मग न दिसणाऱ्या चंद्राची उपमा का?

निवृत्त_गुरुजी

शंका उत्तम. मला वाटतं उत्तर 'लेखा' आणि 'वर्धिष्णु' या दोन शब्दांत आहे. लेखा म्हणजे रेघ. आज कुणाला दिसत नाही इतकी बारीक, पण वाढणार हे ठरलेलं, कारण शुक्ल पक्षाची सुरुवात आहे. संस्कृत काव्यात हा संकेत जुना आहे. आणि ज्या पोराच्या हातात तेव्हा नुसती पुण्याची जहागीर होती त्याच्या मुद्रेला न दिसणारी रेघच शोभते, पौर्णिमा कुणीही लिहील.

सोलापुरी_चादर

गुरुजी __/\__ हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

टवाळ_नंबर_वन

आमच्या शेजाऱ्याने हाच श्लोक बुलेटच्या टाकीवर लावलाय. सायलेन्सर काढलेला. विश्ववंदिता वगैरे काही होत नाही, गल्ली शिव्या घालते.

पानगळ

अवांतर: मग अशोकस्तंभ तरी नीट कोण बघतं? चार सिंह आहेत, समोरून तीन दिसतात, हे सगळ्यांना माहीत. पण खालच्या पट्टीवर घोडा आणि बैल आहेत, आणि मूळ सारनाथच्या स्तंभावर हत्ती आणि सिंहही आहेत जे चित्रात मागच्या बाजूला जातात, हे मी वयाच्या चाळिशीत नोटेवर भिंग धरून पाहिलं.

सडेतोड

आणि हॉकी आपला राष्ट्रीय खेळ नाही. अधिकृत असा कुठला खेळच ठरवलेला नाही. शाळेत मला यावरून मार्क मिळाले होते, ते परत करायला तयार आहे.

वऱ्हाडी_तडका

आंब्याबद्दल कोणीच बोललं नाही. आंबा राज्यवृक्ष हाय ना. हापूसवाले येऊन मिरवतील म्हणून मीच आधी सांगतो, वृक्ष हाय, फळ नाही. म्हणजे आमच्या गावरान आंब्याचं शंभर वर्षांचं झाड, ज्याचा रस चुसून खावा लागते आणि दातात तंतू अडकते, ते तेवढंच राज्यवृक्ष. आणि बांगलादेशचा राष्ट्रीय वृक्ष पण आंबाच हाय.

मालवणी_खाजा

झाड म्हणून मान्य. फळ म्हणून चर्चा नको, जिंकूचे नाय तुम्ही.

कोकणकडा_७२

झाडावरून आठवलं, गोव्यात गंमत झाली होती. २०१६ ला माडाला कायद्यातल्या झाडांच्या यादीतून काढलं, म्हणजे तोडायला परवानगी घ्यायची गरज नाही. लोक भडकले, 'माड झाड नाय तर काय गवत?'. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते गवताच्याच अंगाने जातं, पण हे गोंयकाराला सांगायची हिंमत कोण करणार. २०१७ ला परत झाड झाला आणि वर राज्यवृक्षही झाला. म्हणजे सडेतोडराव, कधी कधी चिन्ह भांडणातून येतं, फोटोसाठी नाही.

सडेतोड

हे चांगलं उदाहरण आहे. सातपाटीचंही तसंच म्हणा. जे खालून मागितलं जातं त्याला अर्थ असतो, हे मान्य. माझा राग वरून टाकलेल्यांवर आहे.

खाडीवाला

हेच म्हणत होतो.

मीनाक्षी_सातारा

सगळे ताम्हण विसरले!! लतीफजी, धागा तर ताम्हणावरून सुरू झाला होता. ताम्हणाला जारूळ पण म्हणतात. एप्रिल-मे मध्ये ऐन फुलात असतं, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास. जूनमध्ये शेवटची फुलं असतात अजून. शहरात रस्त्याच्या कडेला, ऑफिसांच्या आवारात भरपूर लावलेलं असतं, तुम्ही पाहिलं असणारच, नाव माहीत नसेल. फिकट जांभळे तुरे, सहा पाकळ्या, पाकळी अशी चुरगळलेली की कपडे दोरीवरून काढून इस्त्री न करता ठेवल्यासारखी. मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. खाली मागच्या वर्षीची सुकलेली बोंडं अजून लटकत असतात, लाकडी, चिरलेली. बोंडं दिसली की शंभर टक्के तेच.

उशिरालतीफ

मीनाक्षीताई, काल रविवारी तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला आणि दोघं निघालो. लांब जावं लागलंच नाही. सोसायटीच्या गेटाबाहेर, जिथे मी गेली नऊ वर्षं रोज स्कूटर लावतो, त्याच झाडाखाली. उन्हाळ्यात सीटवर जांभळं काहीतरी पडतं म्हणून मी वॉचमनकडे तक्रार केली होती, फांदी छाटा म्हणून. वॉचमनच्या लक्षात आहे ते. मुलीसमोर सांगितलं त्याने.

वरच्या फांदीला दोनच तुरे उरलेले, बाकी बोंडं. वॉचमनने बांबूने एक फूल पाडून दिलं. इस्त्री न केलेल्या पाकळ्या बरोब्बर. मुलीने जुन्या पंचांगात दाबून ठेवलं आणि आज सकाळी उघडलं तर रंग पार उतरलेला, चहा सांडल्यासारखा. रडेल असं वाटलं. तिने ते तसंच चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'हे फूल कालपर्यंत जांभळे होते. बाबांच्या स्कूटरवर पडते.'

शेकरूचं चित्र दुसरीकडून छापून आणलं. तक्त्यातली खार तिने फेकली नाही, शेजारी लावली, 'ही शेकरू नाही' असं लिहून. ताम्हनाखाली पण, 'हे फूल नाही'. गुरुजींचा श्लोक पहिल्या पानावर गेलाय. पापलेटाखाली 'लहान पापलेट विकत घेऊ नये'. लिंबाची कुंडी आमच्याकडे नाही, आणायचं ठरलंय. मोहाचं चित्र यादीत नसताना तिने शेवटच्या पानावर काढलंय, वऱ्हाडीकाकांसाठी म्हणे.

वऱ्हाडी_तडका

पोरीले सांगा, काकाकडून मोहाची वाळलेली फुलं पार्सल येतील. शाळेत न्यायची नाही म्हणा पण.

पानगळ

'कालपर्यंत जांभळे होते' 🙏

टवाळ_नंबर_वन

सगळं झालं, पण पळीचं काय केलं?

उशिरालतीफ

पापलेटाशेजारी लावलीये. वाढायला.